थांबून राहणारी गिटार

माझी पहिली गिटार विजेवर चालायची. तिला तारा होत्या, पण त्या फक्त उजव्या हाताखाली, जेमतेम वीतभर लांबीच्या. डाव्या हाताच्या बाजूला, मानेवर, तारेचा पत्ताच नव्हता. तिथे प्रत्येक पडद्यावर सहा चपटी बटणं होती आणि बटणांच्या आत तांबडे दिवे. आत भरलेलं एखादं गाणं निवडून कळ दाबली, की जिथे बोट ठेवायचं तिथला दिवा लागायचा. ते बटण दाबून तार छेडली की साठवून ठेवलेला गिटारचा आवाज पोटातल्या स्पीकरमधून बाहेर यायचा. बोट चुकलं तर गाणं जागच्या जागी उभं राहायचं. बरोबर बटण सापडेपर्यंत साथीचा ड्रम, बास, सगळे थांबून राहायचे.

या थांबण्याने माझं नुकसान झालं आणि माझ्यामुळे एका मुलाचंही झालं. ते लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

अशी वाद्यं काही नवी नाहीत. कॅसिओने 1987 सालीच प्लास्टिकच्या तारांची डिजिटल गिटार बाजारात आणली होती. अमेरिकेत फ्रेटलाइट नावाची गिटार निघाली, तिच्या मानेत दिवे होते पण तारा खऱ्या होत्या. पुढे यामाहानेही दिव्यांची, बटणांची, घरबसल्या शिकवणारी गिटार काढली. माझ्याकडचं वाद्य कोणत्या कंपनीचं होतं याला महत्त्व नाही, कारण दोष वाद्यात नव्हता. डब्यावर जे लिहिलं होतं ते सगळं ते इमानदारीने करत होतं. तेवढ्यालाच मी संगीत समजलो.

मी वसमत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शिक्षणसेवक म्हणून महिना 3,000 रुपयांवर तीन वर्षं काढली आणि 2006 साली नियमित पगार सुरू झाला. गिटारची ओढ त्याच्याही आधीची. हिंगोलीला दसऱ्याच्या प्रदर्शनात, रामलीला मैदानावर, लहानपणी ऑर्केस्ट्रा पाहिला होता. गाणाऱ्यांपेक्षा कोपऱ्यात उभा राहून गिटार वाजवणारा माणूस माझ्या लक्षात राहिला. पण शिकायचं कुठे? गिटारचा क्लास नांदेडला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. शाळा सांभाळून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा पुण्याला नोकरीला असलेल्या मेव्हण्याने कोणाकडून तरी हे वाद्य जुन्यात मिळवून दिलं. 'भाऊजी, याला मास्तर लागत नाही,' असं तो फोनवर म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं. शिक्षक असून मला शिकवणारा नको होता, हे आज लिहितानाही अवघड जातं.

त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. मी सेल आणून ठेवायचो. अंधारात ते तांबडे दिवे फार छान दिसायचे आणि दार लावून मी तासन्‌तास बसायचो. एकेक गाणं संपलं की वाद्य आपणहून गुण दाखवायचं. काही आठवड्यांतच ते गुण नव्वदीच्या पुढे गेले. बोटं दुखली नाहीत. तारा कधी उतरल्या नाहीत, कारण उतरायला मानेवर तार होतीच कुठे? बायकोला, शेजाऱ्यांना बसवून मी वाजवून दाखवायचो. सगळे वा वा म्हणायचे. त्यांचंही काही चुकलं नाही, गाणं सुरात ऐकू येत होतं. सूर कंपनीने आधीच लावून दिलेला होता.

एकाच माणसाने वा वा म्हटलं नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका आहेत. हळदीचे शेतकरी. हळद शिजवायच्या, ढोलात घालून घासायच्या दिवसांत त्यांच्या बोटांचा पिवळा रंग धुऊन जात नाही, आणि त्यांच्या पेटीच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्या कायमच्या पिवळसर झालेल्या आहेत. त्यांनी माझी दोन गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, 'गुरुजी, हे तुमच्यासाठी थांबतंय. आमचा टाळ थांबत नसतो बघा.' मग जरा वेळाने, 'येत जा गुरुवारी. आधी सा धरू, मग बाकीचं.'

मी गेलो नाही. मला वाटलं, यांना नवं वाद्य कळत नाही.

ते काय म्हणत होते ते सप्ताहात कळलं. हरिनाम सप्ताहात रात्रीच्या भजनाला गिटारची साथ करायची टूम मीच काढली. मंडळातल्या लोकांनी आनंदाने होकार दिला. एका अभंगाची चाल घरी पेटीवर एका ओळखीच्याकडून काढून घेतली, कोणत्या पडद्यावरचं कोणतं बटण ते आकडे कागदावर लिहिले आणि पाठ केले. नवे सेल घातले. देवळात गेलो तेव्हा पखवाजवाले डाव्या बाजूच्या पुडीला भिजवलेली कणीक लावत होते. थोडी लावायची, थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचं. मग हातोडीने गठ्ठे ठोकत उजवी बाजू सुरात आणली. पलीकडे वीणेकरी खुंटी पिळत होते. माझं वाद्य तयारच होतं, म्हणून मी बसून राहिलो. प्रत्येक जण आपलं वाद्य कशाला तरी जुळवतो आहे आणि ते 'कशाला तरी' म्हणजे समोर बसलेल्या गाणाऱ्याचा गळा आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाणाऱ्यांनी काळी दोनचा सा धरला. मी चाल पाठ केली होती ती पांढरी एकची. तीन अर्धस्वरांचा फरक. माझ्या वाद्यात सगळी पट्टी वर-खाली करायची कळ होती, पण किती वर न्यायची हे सांगायला कान लागतो आणि तो मी वापरलाच नव्हता. काकांनी पेटीवरून हात न काढता मान खाली घालून सांगितलं, 'तीन घरं वर घ्या.' घेतली. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत बोट चुकलं आणि माझा हात थांबला. चुकलं की थांबायचं, सापडलं की पुढे जायचं, ही सवय मी रोज रात्री दार लावून स्वतःला लावली होती. भजनी ठेका आठ मात्रांचा. मी बरोबर बटण शोधून वर पाहिलं तोवर तो पुढच्या समेवर गेलेला होता. तिथे गाठायला गेलो तर तो आणखी पुढे. पंधरा-वीस टाळ एका लयीत पडत होते आणि त्यातला एकही माझ्यासाठी थांबणार नव्हता. दुसरा अभंग सुरू झाला तेव्हा मी वाद्य बंद करून मांडीवर आडवं ठेवलं होतं.

लय म्हणजे दोन सुरांमधलं वेळेचं अंतर. सूर सगळे बरोबर असून अंतरं चुकली तर गाणं राहत नाही, आणि मी महिनोन्‌महिने फक्त अंतरं चुकवायचा सराव केला होता. थांबण्याची सोय शिकणाऱ्याला दिलासा देते, आणि नव्या माणसाला दोन-चार दिवस तिचा उपयोगही आहे. मी त्या सोयीतून बाहेरच पडलो नाही. वाद्यात न थांबणारी पद्धतही होती. तिच्यात माझे गुण पन्नाशीच्या खाली यायचे, म्हणून मी ती लावत नसे.

इथे मी थांबायला हवं होतं, पण मी ते वाद्य शाळेत नेलं.

नेण्यामागे हेतू चांगला होता. शाळेत संगीताचा शिक्षक नाही, पेटी आहे तिचा भाता फाटलेला. शाळा सुटल्यावर पाचवी-सहावीची मुलं घेऊन बसायचो, प्रत्येकाला पाळी मिळायची. मुलांना दिवे फार आवडले. 2010पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं होतं, तेव्हा कला विषयाच्या वर्णनात्मक नोंदींसाठीही ते सोयीचं पडलं.

त्यात सहावीतला एक मुलगा होता. घर गोंधळ्याचं. आमच्या भागात गोंधळाची परंपरा जुनी आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा होण्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांचं नाव गोंधळात किती मोठं, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. या मुलाचे आजोबा तुणतुणं वाजवायचे. एका लाकडी नळ्याच्या तळाला कातडं, त्यातून निघालेली एकच तार वर काठीच्या खुंटीला पिळलेली. गाणारा वरच्या पट्टीत गेला की आजोबा वाजवता वाजवता खुंटीला हात लावून तार चढवायचे. पोराचा कान त्या घरात तयार झालेला.

तो दिव्यांकडे बघतच नसे. गाणं एकदा ऐकायचं आणि बटणं शोधायची. सापडायचीही. पण दोन सुरांच्या मध्ये तो एखादा जादा सूर घ्यायचा, घरी गाताना घेतात तसा, आणि वाद्य ते चूक धरून थांबायचं. मी म्हणायचो, 'दिव्याकडे बघ. दिवा लागेल तेच दाब.' तो पुन्हा तसंच करायचा. एकदा एका बटणावर बोट ठेवून त्याने ते बाजूला ओढायचा प्रयत्न केला. बटण हलेना. त्याने पुन्हा जोर लावला, नखाजवळचं बोट पांढरं पडलं. मी विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, 'गुरुजी, ह्या दोन्हीच्या मधला सूर हिच्यात नाहीच. आज्याच्या तुणतुण्यात हाय.'

बारा वर्षांच्या मुलाने सांगितलेली ही गोष्ट आपल्या संगीतातला केवढा मोठा वाद आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आकाशवाणीने 1940 ते 1971 अशी तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. त्यामागचं एक मुख्य कारण हेच, की पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर पेटीत नाही, मींड निघत नाही. गिटारचंही तेच दुखणं. एका सप्तकाचे बारा सारखे भाग करून पडदे ठोकलेले. म्हणूनच आपल्याकडे रागसंगीत वाजवणाऱ्या अनेकांनी गिटार उभी धरली नाही. ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि पडद्यांवर बोटं न दाबता तारेवरून लोखंडी दांडी सरकवली. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे, आणि तिच्यातून सूर घरंगळत येतात. पडद्यांवर वाजवणारेही तार आडवी ताणून वरचा सूर गाठतात. माझ्या विद्यार्थ्याने बटण ओढून पाहिलं ते हेच. खरी तार असती तर सूर चढला असता.

मी त्याला रागावलो. बाकीची मुलं पाळीसाठी थांबली आहेत आणि तू खेळ करतोस, असं सगळ्यांसमोर बोललो. त्याला रांगेत शेवटी पाठवलं. 26 जानेवारीच्या कार्यक्रमाला दिवे बरोबर दाबणारी दुसरी मुलगी निवडली, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'सूचनांकडे लक्ष देत नाही.' तो यायचा बंद झाला. मी विचारपूसही केली नाही. पुढच्या वर्षी सातवी संपवून तो दुसऱ्या शाळेत गेला.

माझं अज्ञान मला कळलं ते त्यानंतर. वाद्यातलं एक बटण निकामी झालं, दुरुस्त करणारा सापडेना, म्हणून नांदेडहून साधी लाकडी गिटार आणली. मनात होतं की इतकी वर्षं वाजवतोय, फार तर आठवडाभर हात बसवावा लागेल. पहिल्याच दिवशी तार दाबली तर खरखर. बोट पडद्याच्या अगदी लगत, त्याच्या मागे पडायला हवं. मधोमध पडलं तर जास्त जोर लागतो, शेजारच्या तारेला टेकलं तर ती मुकी होते. बटणावर बोट कुठेही पडलं तरी चालायचं. बोटांची टोकं सोलवटली, सुजली, मग हळूहळू घट्टे धरले. ते दुखणं सोसण्यासारखं होतं. तारा लावता येईनात, याचा त्रास जास्त झाला. दुकानदाराने लावून दिलेली गिटार एसटीतून घरी येईपर्यंत उतरली आणि ती उतरली आहे हेही मला दोन दिवस समजलं नाही.

मग मी गुरुवारी देवळात गेलो. काकांनी मागचं काही काढलं नाही. गिटारच्या सहा तारा कशा लावतात हे त्यांना माहीत नव्हतं, ते मी पुस्तकातून सांगितलं. जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो सूर येतो तोच तिच्या खालच्या मोकळ्या तारेचा. असंच पुढे, फक्त तिसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी चौथा पडदा. 'मग सोपं आहे,' काका म्हणाले. 'दोन्ही एकदम छेडा आणि बोलू नका.'

मी छेडल्या. दोन सूर सारखेच वाटले. 'सारखे नाहीत. लाट ऐका.' पुन्हा छेडल्या, पुन्हा. बऱ्याच वेळाने ऐकू आलं. सुराच्या आत एक थरथर होती, आवाज मोठा-लहान, मोठा-लहान, वंव-वंव-वंव. काका खुंटीला बोट लावायला सांगत होते, केसाएवढी फिरवा म्हणत होते. फिरवली तशी लाट लांबत गेली. वंव... वंव... आणि मग नाहीशी झाली, दोन तारा एक झाल्या. मी उगाच थोडी पुढे फिरवली तर पलीकडच्या बाजूने लाट परत आली.

हे भौतिकशास्त्र मी नंतर वाचलं. गिटारची पाचवी तार सेकंदाला 110 वेळा कंप पावते. जोडीच्या तारेवरचा सूर 112 असेल तर दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात, 111 असेल तर एक, आणि दोन्ही 110 झाल्या की एकही नाही. वीणेकरी खुंटी पिळताना हेच ऐकत असतात, तंबोरा लावणारा हेच ऐकतो, आणि काकांनी शाळेत पाचवीपलीकडे पाऊल टाकलेलं नसताना त्यांना ते ऐकू येत होतं. माझी विजेची गिटार कधी उतरत नसे हे मी तिचं मोठेपण समजत होतो. पण जी तार उतरत नाही ती लावायला लागत नाही, आणि लावताना कान जो शिकतो ते शिकायची वेळच माझ्यावर कधी आली नाही.

म्हणून आज मोबाइलवरच्या ॲपबद्दल कोणी पालक विचारतात तेव्हा मी यंत्राला नाही म्हणत नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, त्याने किती गाणाऱ्यांची सोय झाली! ते यंत्र सा कुठे आहे एवढं सांगतं आणि पुढचं गाणाऱ्यावर सोपवतं. तबल्याचं यंत्र ठेका धरतं आणि चुकलात तरी पुढे जातं. अशी यंत्रं जरूर वापरा, असं मी सांगतो. थांबणारं ॲप असेल तर चाल हाताशी येईपर्यंत वापरा आणि मग थांबणं बंद करा. गुण बघू नका. गिटार घेतली तर ट्यूनर नंतर लावा, आधी कानाने जुळवा, मग ट्यूनरने तपासा. आणि गावात कुठे भजनी मंडळ असेल तर मूल तिथे मागे बसू द्या, हातात टाळ असला तरी पुरे.

त्या मुलाकडे जायला मला फार उशीर झाला. लाट ऐकू आली त्या आठवड्यातच जायला हवं होतं. ते मी टाळत राहिलो, मुलगा विसरून गेला असेल असं म्हणत. एका दिवाळीत तो पुण्याहून, जिथे तो कंपनीत कामाला आहे तिथून, गावी आला आहे असं कळलं तेव्हा गेलो. आजोबा अंगणात बाजेवर होते. तुणतुणं भिंतीला टांगलेलं. त्याच्या आईने चहा ठेवला. मी आजोबांसमोरच त्याला सांगितलं, की तू म्हणत होतास ते बरोबर होतं, त्या वाद्यात तो सूर खरंच नव्हता, आणि मी तुला रागावलो ते चुकलं.

त्याला सगळं आठवत होतं. बटण ओढून पाहिलेलंही. म्हणाला, 'गुरुजी, मला वाटलं माझाच कान खराब हाय. आज्याला पण म्हणलो मी तसं. मग गोंधळात बसायचंच सोडलं.'

आजोबा काही बोलले नाहीत. मी सोबत नेलेली गिटार त्याच्या हातात दिली. त्याने एक तार दाबून आडवी ओढली, सूर चढला, त्याने मान हलवली आणि गिटार परत दिली. मला वाटत होतं तो वाजवेल. त्याने वाजवलं नाही. सुट्टी संपली, तो पुण्याला गेला.

त्याचा धाकटा भाऊ आता माझ्या शाळेत आहे. मी गिटार शिकवतो म्हटलं तर त्याला तिच्यात काही गोडी वाटली नाही, त्याचा हात सारखा संबळावर. तेव्हा मी पखवाजवाल्यांशी बोललो. ते म्हणाले, पाठवा. गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी तो त्यांच्या शेजारी बसतो. कणीक मळून द्यायचं काम सध्या त्याच्याकडे आहे, आणि डावी बाजू पुरेशी खाली उतरली की नाही हे आधी त्याला विचारतात.